ड्रेक समुद्री चाचा होता की सरकारी माणूस?

खाडीकाठचा:
लोकहो एक शंका. सोळाव्या शतकातला दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक इंग्रजांचा हिरो आणि स्पॅनिश लोक त्याला सरळ चाचा म्हणतात. कुठेतरी वाचलं की तो प्रायव्हेटियर, म्हणजे परवानावाला लुटारू. अरे पण परवाना काढून लुटलं की ती लूट नाही का? डोक्याचं पार भजं झालंय.

मिरीची_गोण:
फरक कागदाचा, काम तेच 😄 1585 मध्ये स्पेनच्या राजा फिलिपने त्याच्या बंदरांतली इंग्रज जहाजं जप्त केली. मग ज्याचा माल गेला त्याने लंडनच्या ॲडमिरल्टी कोर्टात (समुद्री खटल्यांचं कोर्ट) नुकसान दाखवायचं आणि स्पॅनिश जहाजं धरून भरपाई करून घ्यायचा परवाना न्यायचा. पुढे पुढे खरंच नुकसान झालंय का हे कोण बघतंय! लुटीचा दहावा हिस्सा लॉर्ड ॲडमिरलचा (आरमारप्रमुख), बाकी जहाजमालक, रसद भरणारा आणि खलाशी. खलाशाला पगार नाही, लूट सापडली तरच पैसे, मग तो कशाला कोणाला सोडतोय.

जुना_होकायंत्र:
थांबा भाऊ, ड्रेकची सगळ्यात गाजलेली लूट याच्या आधीची आहे. मार्च 1579, पॅसिफिकमध्ये पेरूची चांदी घेऊन चाललेलं जहाज धरलं, तेव्हा युद्ध वगैरे काही नव्हतं. 1580 ला घरी आला आणि पुढच्याच वर्षी सर ड्रेक. माझ्या मते चाचाच, फक्त राणी एलिझाबेथ वाटेकरी असलेला.

मिरीची_गोण:
हे मान्य. आणि 1580 नंतर पोर्तुगालही फिलिपकडेच गेलं, त्यामुळे हिंदुस्तानातून लिस्बनला जाणारी जहाजं पण यांना चालायला लागली. 1592 ला अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ 'माद्रे द देउश' धरलं, सात डेकचं धूड, पोटात मिरी, लवंगा, दालचिनी, कापड, रत्नं. डार्टमथला आणेपर्यंत खलाश्यांनी खिसे भरले होते, आणल्यावर व्यापाऱ्यांची झुंबड. या मोहिमेत पैसे घातलेला राणीचा दरबारी रॅले तेव्हा राणीच्या सखीशी गुपचूप लग्न केलं म्हणून कैदेत होता, त्याला बाहेर काढून खलाश्यांना आवरायला पाठवलं!

खाडीकाठचा:
😂😂 म्हणजे मिरी आपल्या मलबारची, जहाज पोर्तुगीजांचं आणि खिसे इंग्रजांचे. पोर्तुगीजांची दया वगैरे येत नाहीये हां, आपल्या समुद्रात कार्ताझ (पोर्तुगीजांचा समुद्री परवाना) नसलेली गलबतं तेच लुटायचे. रॅलेला किती सुटले?

मिरीची_गोण:
तोट्यात गेला बिचारा. मोठा वाटा राणीने उचलला.