मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को नक्की किती तास?

सातारकर_77:
आई (वय 68) जूनमध्ये पहिल्यांदाच एकटी बहिणीकडे सॅन फ्रान्सिस्कोला जातेय. गूगलवर अंतर 13,500 किमी येतंय, ताशी 900 धरलं तर 15 तास झाले, पण दुबईवरून जाणाऱ्या तिकिटावर पहाटे 4 ला मुंबई सोडून त्याच दिवशी दुपारी दीडला पोचणार असं लिहिलंय. म्हणजे साडेनऊच तास? आई रोज विचारतेय किती वेळ बसायचं आणि मला तिला धड सांगता येत नाहीये.

खिडकीवाली:
दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे (हिवाळ्यात साडेतेरा). साडेनऊ अधिक साडेबारा, झाले 22 तास. दुबईपर्यंत 3, तिथे थांबायचं 3, मग पुढे सलग 16. येताना उलटं होतं हे आत्ताच सांगून ठेवा, 10 तारखेला दुपारी 4 ला निघाली तर 12 ला पहाटे अडीचला उतरेल. आमच्याकडे बाबांना आणायला भाऊ एक दिवस आधीच एअरपोर्टवर गेला होता.

नकाशावेडा:
13,500 हे गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर, ती रेघ मुंबईतून जवळजवळ उत्तरेला निघते, हिमालय, रशिया ओलांडून आर्क्टिकवरून खाली उतरते. दुबईवरून सगळं मिळून 15,000 किमीच्या आसपास जातं. पण खरं सांगू का, किमी बघून तास कळतच नाहीत, वारा बघावा लागतो. एअर इंडियाने 2016 च्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर 13,900 चं 15,300 किमी झालं, तरी पाठीमागून वारा मिळाल्यामुळे विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर! आणि परत येताना अटलांटिकवरून, म्हणजे जातानाही पूर्वेला येतानाही पूर्वेला, जाऊन-येऊन पृथ्वीला अख्खी प्रदक्षिणा. मला हे इतकं आवडतं की भेटेल त्याला सांगतो.

पुणे_प्रवासी:
पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून फरक पडतो ना पण?

नकाशावेडा:
थेट तसा नाही, हवापण पृथ्वीबरोबरच फिरते. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारा वाऱ्याचा पट्टा असतो, जेट स्ट्रीम. तो पाठीशी असला की वेळ वाचतो, समोरून आला की वाढतो.

खिडकीवाली:
आईंसाठी दोन-तीन गोष्टी. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, चालता येत असलं तरी घ्या, दुबईला गेट फार लांब असू शकतं. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असू द्या म्हणजे बॅगा थेट पुढे जातात. 16 तासांच्या टप्प्यात अधूनमधून उठून चालायला सांगा, पाय सुजतात. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, आणि कुठली कुठल्या घड्याळाने घ्यायची ते डॉक्टरांकडून कागदावर मराठीत लिहून घ्या.

सातारकर_77:
खूप आभार दोघांचे. गोळ्यांचं डोक्यातच नव्हतं, तिला सकाळ-रात्र दोन्ही वेळा असतात. उद्याच डॉक्टरांकडे जातो. आईला आता सांगितलं 22 तास, तर म्हणाली बरं मग दशम्या जास्त करते.