शब्दचर्चा: ‘टॉर्शन बार अनलोड करा’ याला मराठीत काय म्हणावं?

सांधेजोड
जॅग्वार ई-टाइपच्या (१९६१ चं ३.८ लिटर मॉडेल) पुढच्या सस्पेन्शनच्या सूचना मराठीत करतोय. त्यातला टॉर्शन बार म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा. ‘काढण्याआधी टॉर्शन बार अनलोड करा’ याचं ‘दांड्यावरचा भार उतरवा’ असं केलं. वाचणाऱ्या मेकॅनिकचा प्रश्न: ‘गाडी उचलली की भार उतरलाच, मग आणखी काय करायचं?’ दुसरा शब्द सुचवा.

मुरड
त्याची शंका रास्त आहे. ‘भार’ शब्द इथे धोक्याचा आहे. गाडी घोड्यांवर (उचललेली गाडी पेलणाऱ्या स्टँडवर) चढवली, चाक लोंबकळलं, तरी दांड्यात पीळ उरतोच. उतरवायचा आहे तो पीळ. घोड्या बॉडीखाली लावा, चाक काढा आणि खालच्या विशबोनच्या (चाक धरणाऱ्या दुबेळक्या हाताच्या) बाहेरच्या टोकाखाली जॅक देऊन ते थोडं वर घ्या. मग शॉकअपचा खालचा बोल्ट, अँटी-रोल बारची लिंक आणि स्टिअरिंगचा टाय रॉड सोडवा. ब्रेकच्या होजवर ताण येता कामा नये. वरचा बॉल जॉइंट सुटला की जॅक सावकाश खाली घ्या. विशबोन जॅकवर टेकून राहत नाही, मोकळं लोंबतं, तेव्हा पीळ गेला. मला ‘पीळ उतरवा’ बरोबर वाटतं.

शब्दवेल्हाळ
‘उतरवणे’ ताप, नजर, विष यांना शोभतं. ‘पीळ सोडवा’ म्हणा. ‘पीळ काढा’ मात्र नको, पुढे लगेच ‘दांडा काढा’ येतं आणि दोन्ही कामं एकच वाटतात.

घोडीवाला
‘सोडवा’ला माझा विरोध आहे. बोल्टही सोडवतात. ई-टाइपमध्ये दोन्ही दांड्यांची मागची टोकं धरणारी आडवी पट्टी बॉडीच्या तळाला बोल्टांनी बसते. दांड्यात पीळ असताना कुणी ‘सोडवा’ वाचून त्या पट्टीचेच बोल्ट काढले, तर पट्टी जोरात सरकते, बोल्टांचे आटे जातात आणि भोकं पुन्हा जुळत नाहीत. गिअरबॉक्ससाठी ती पट्टी काढायची असते तेव्हा हीच चूक होते. आणि हे काम इंजिन गाडीत असतानाच करावं. इंजिन निघालं की पुढचा भाग हलका होतो. जॅक लावला तर विशबोन दबण्याऐवजी गाडीच घोड्यांवरून उठते.

संस्कृतप्रेमी
मुळात ‘बार’ तरी का ठेवायचा? ‘व्यावर्तन-दंड’ म्हणा. ‘पीळ’ही ‘पीड्’ धातूचाच, म्हणजे दाबणे, त्यामुळे तो अर्थाने अपुरा पडतो.

मुरड
मूळ ‘पीड्’ असेल, पण मराठीत कापड पिळताना आपण दाबत नाही, मुरडतो. दोराला पीळ असतो तोच अर्थ इथे आहे. अँबॅसडरलाही पुढे टॉर्शन बारच होते; ती खोलणाऱ्याला ‘व्यावर्तन-दंड’ सांगितलात तर तो पाना खाली ठेवेल.

शब्दवेल्हाळ
सुंभ जळला तरी पीळ जात नाही! म्हणीत पीळ ‘जातो’, ‘उतरत’ नाही.

घोडीवाला
म्हण इथे शब्दशः लागू पडते. वापरलेला दांडा एकाच दिशेच्या पिळाला सरावतो. डावा उजवीकडे बसवला तर तो उलटा पिळला जातो आणि तुटू शकतो. म्हणून काढण्याआधी दोन्हींवर रंगाने खूण करा. पंच मारू नका, पकडीनेही धरू नका. पिळाचा ताण पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो, त्यामुळे चीर तिथल्या ओरखड्यातूनच सुरू होते.

सांधेजोड
आभार. आणि दांड्याच्या टोकांवरच्या स्प्लाइनना (लांबीच्या दिशेने कोरलेल्या कडांना) ‘दाते’ म्हणावं की ‘खाचा’?

संस्कृतप्रेमी
‘आटे’ आहेच की.

घोडीवाला
नाही! आटे फिरत जाणारे, बोल्टचे. स्प्लाइन सरळ असतात, तेव्हा दाते.

मुरड
दाते. आणि ते मोजूनच बसवायचे. ई-टाइपच्या दांड्याला पुढच्या टोकाला २४, मागच्या टोकाला २५ दाते असतात. म्हणजे पुढे एका दात्याला १५ अंश, मागे १४.४. एक टोक एक दाता या बाजूला आणि दुसरं एक दाता उलट बाजूला फिरवलं की फरक उरतो फक्त ०.६ अंशाचा. गाडीची उंची अशीच बारीक जुळवतात. बसवताना शॉकअपच्या जागी नेमक्या लांबीची पट्टी लावून विशबोन धरतात. लांबी त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजाने नको. उंची चुकली तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

शब्दवेल्हाळ
बघा, तुम्हीच ‘सगळं उतरवावं लागतं’ म्हणालात. मग पिळाला तेच क्रियापद कसं चालेल?

मुरड
चालेल, कारण तिथे कर्म ‘पीळ’ आहे. सूचनेत फक्त ‘उतरवा’ एवढंच कधी लिहू नका.

घोडीवाला
शॉकअपच्या जागी लावायच्या त्या पट्टीला मराठीत काय म्हणणार? ‘माप-पट्टी’ लिहिलंत तर कुणीतरी फूटपट्टी घेऊन येईल.