आजोबांची 1983 ची पद्मिनी गंजलीय, करावी का भंगारात द्यावी?

गोदाकाठ_गंगाखेड:
नमस्कार मंडळी. शेतातल्या शेडमधी आजोबांची प्रीमियर पद्मिनी उभी हाय, 1983 ची, पेट्रोल, स्टेअरिंगवर गियर. आजोबा गेल्यापासून बारा वर्षं कुणी हातच लावला नाही. परवा सोयाबीनची पोती ठेवायला जागा पाहिजे म्हणून ताडपत्री काढली तर पुढून गाडी जशीच्या तशी, ग्रील सुद्धा चमकायलीय, पण दाराखाली बोटानं दाबलं तर पत्र्याचा पापुद्राच हातात आला. डिकीत कुणीतरी पोटॅशची दोन पोती ठेवलेली, ती फुटून सगळीकडं सांडलेलं अन् डिकीच्या तळातून खालची जमीन दिसायलीय. वायरिंग उंदरांनी खाल्लंय. वडील म्हणायलेत भंगारवाल्याला दे अन् जागा मोकळी कर. आई काही बोलत नाही, पण मी झालो तेव्हा दवाखान्यातून याच गाडीत घरी आणलं होतं हे तिनं परवापासून दोनदा सांगितलं. परभणीच्या एका डेंटरनं गाडी न बघताच नुसत्या बॉडीचे दीड लाख सांगितले. माझं बजेट जास्तीत जास्त अडीच लाख, ते पण दोन वर्षांत थोडं थोडं करून. करण्यासारखी हाय का? खरं काय ते सांगा.

पाना_लातूर:
दादा, आधी इंजिनचं टेन्शन सोडा. 1089 सीसीचं साधं इंजिन हाय, जाम झालं तरी खोलून करता येतं. प्लग काढून चारी सिलेंडरमधी थोडं थोडं डिझेल अन् ऑइल मिक्स करून सोडा, आठ दिवस तसंच राहू द्या, मग पुलीच्या नटाला पाना लावून हातानं हळूहळू फिरवा, सेल्फ अजिबात मारू नका. मुंबईत 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत पद्मिनी टॅक्सी पळत होत्या, त्यामुळं पिस्टन, रिंगा, क्लचप्लेट शोधलं की मिळतं.

खरं दुखणं पत्र्याचं. जीपला चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी असते, बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. पद्मिनीत बॉडी हीच चेसिस. म्हणून दार, बोनेट, मडगार्ड सडलं तर सडू द्या, ते बदलता येतं. पण दाराखालची लांब पेटी, मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथं बॉडीला अडकवलेत ते हँगर अन् पुढच्या सस्पेन्शनची जागा, ह्या तीन ठिकाणी गाडीचा जीव हाय. जुना स्क्रूड्रायव्हर घ्या अन् इतक्या जागा चांगल्या टोचून बघा. ठण्ण आवाज आला तर पत्रा चांगला, भुस्सकन आत गेला तर तिथं कापावंच लागतं. लोहचुंबक पण फिरवा, जिथं धरत नाही तिथं खाली पुट्टी हाय. शेवटी एका बाजूनं जॅक लावून गाडी उचला अन् चारी दारं उघडून लावून बघा. दार अडकायला लागलं तर बॉडी वाकायलीय, मग अडीच लाखात विषय बसत नाही.

आणि हो, पोटॅश आजच्या आज धुवा. ते एक प्रकारचं मीठच असतं, हवेतली ओल धरून पत्रा खात बसतं.

मास्तर_नांदेड:
लातूरकरांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. मी 2016 ला माझी फियाट एका गॅरेजला दिली, त्यांनी गंज कापलाच नाही, वरून पुट्टी भरून असला रंग मारला की बघतच राहावं. दुसऱ्या पावसाळ्यात दाराखाली फोड आले, नखानं खरवडलं तर आतून नुसता तांबडा भुगा. परत सगळं काढून करावं लागलं, एकूण तीन लाख चाळीस हजार गेले. आज विकायला काढली तर निम्मे पण येणार नाहीत. पैसे वसूल होतील असं डोक्यात असेल तर आत्ताच सोडा. मी मात्र विकणार नाही, दर रविवारी काढतो. अजून एक, सँडब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबानं वाळू मारून गंज काढणं, करा म्हणून कुणी सांगेल, पण दारं बोनेट असल्या पातळ सपाट पत्र्यावर जोरात मारलं तर पत्रा लहरतो, तिथं हातानंच घासून घ्या.

सुनंदा_संभाजीनगर:
भाऊ, एक रुपया घालायच्या आधी कागद बघा. आरसी आजोबांच्याच नावावर असेल तर वारस म्हणून फॉर्म 31 भरून नावावर करून घ्यावी लागेल, मृत्यूचा दाखला लागतो, घरातल्या बाकी वारसांची संमती पण मागतात. त्यानंतर रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, पर्यावरण कर, राहिलेला दंड. वडिलांच्या अँबॅसडरच्या वेळी आरसी बुकच सापडत नव्हतं, माझे चार महिने त्यातच गेले अन् तोवर गाडीवर साठ हजार खर्च होऊन बसलेले. विंटेजचा, म्हणजे जुन्या गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीचा, नियम पण कुणी सांगेल, तो 2021 चा आहे आणि 50 वर्षांवरच्या गाडीला लागतो, तुमची 2033 ला बसेल. शिवाय त्या नंबरवर गाडी रोज फिरवता येत नाही.

गोदाकाठ_गंगाखेड:
सगळ्यांचे मनापासून आभार. आरसी बुक आजोबांच्या ट्रंकेत सापडलं, पिशवीत गुंडाळलेलं. काल गाडी धुतली अन् टोचून बघितली. डावी पेटी ठणठणीत, उजवी मागच्या दाराखाली हातभर गेलेली. डिकीचा तळ पूर्ण गेलाय. पुढं सगळं चांगलं. जॅक लावला तर चारी दारं व्यवस्थित लागली, जॅकचं हँडल वडिलांनीच मारलं अन् नंतर बराच वेळ तिथंच बसून होते, भंगारवाल्याचं काही बोलले नाहीत. फक्त उजव्या पाट्याच्या मागच्या हँगरपाशी स्क्रूड्रायव्हर अर्धा इंच आत गेला. त्याचं काय करावं?

पाना_लातूर:
मग करा दादा, गाडी करण्यासारखी हाय. पण सुरुवात त्या हँगरपासूनच, रंगाचं नाव पण काढू नका. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायला लावा, वर नुसता पॅच मारू देऊ नका, अन् तिथं डिकीच्या तळापेक्षा जाड पत्रा लागतो. कापायच्या आधी दारांच्या मधी आडव्या पट्ट्या टाकून बॉडी बांधून घ्या, नाहीतर पेटी काढली की गाडी मधीच बसते. आतून रेड ऑक्साईड, म्हणजे गंज न धरणारा तांबडा रंग, मारलेला स्वतः डोळ्यानं बघा, मगच वरून बंद करू द्या.