मदत हवी: बंद नळ्या दुर्बिणीतून उघडाव्या का? लवकर सांगा

आर्णीची_सून
एचएसजीत (गर्भाशयात रंग सोडून काढतात तो एक्स-रे) दोन्ही गर्भनळ्या बंद निघाल्या. यवतमाळच्या डॉक्टर बाई म्हणतात दुर्बिणीतून तार घालून उघडू, दुसऱ्या दिवशी घरी. मग दिवस राहतात का? सोमवारी पैशाचं ठरवायचं आहे, कापूस विकून ठेवला आहे.

वऱ्हाडी_मावशी
कुठं बंद? गर्भाशयाकडून की टोकाकडून? रिपोर्टची ओळ टाक. वय? मालकाची वीर्य तपासणी झाली का?

पांदण
कापूस काय भावानं गेला?

वर्धेवाला
सरळ टेस्ट ट्यूब करा. आमच्या वहिनीची नळी उघडली अन् परत बंद झाली.

संत्रा_बाग
तार-बीर काही नाही, उत्तरबस्ती (आयुर्वेदात गर्भाशयात औषधी तेल सोडतात ती) घ्या. पाळीत पोट दुखत असेल तर सकाळी ओव्याचं पाणी.

वऱ्हाडी_मावशी
दुखतं असं ती कुठं म्हणाली, बापा? अन् वर्धेवाले, नळीत पाणी भरलेलं असेल तर टेस्ट ट्यूबचं यशही जवळपास निम्म्यावर येतं. आधी ती नळी काढतात नाहीतर क्लिप लावतात. रिपोर्ट पाहू द्या ना!

वर्धेवाला
डॉक्टर आहात का?

वऱ्हाडी_मावशी
नाही. लेकीसोबत हे सगळं निस्तरलं आहे.

आर्णीची_सून
'बायलॅटरल कॉर्नुअल ब्लॉक' लिहिलं आहे. वय २९. ह्यांची तपासणी नाही, ते तयार नाहीत. लग्नाआधी टीबीच्या गोळ्या घेतल्या होत्या, पण त्याचा काय संबंध?

वऱ्हाडी_मावशी
अवं, तेच तर आधी सांगायचं! कॉर्नुअल म्हणजे गर्भाशयाला लागून. एचएसजीच्या कळेनं तिथला स्नायू आवळला तरी रंग पुढं सरकत नाही, नळी बंद दिसते. भूल दिल्यावर कधी कधी मोकळी निघते. खरंच अडलेली असेल तर खालून दुर्बीण घालून नळीच्या तोंडात तार सरकवतात, बेंबीजवळच्या दुसऱ्या दुर्बिणीतून पाहतात. निळा रंग टोकातून सांडला की मोकळी. पण टीबीनं नळी कडक झाली असेल तर तारेचा उपयोग नाही, उलट भोक पडायची भीती. बाईंना टीबीचं माहीत आहे का? गर्भाशयाचं अस्तर टीबीसाठी तपासलं का? अन् उघडल्यावर दिवस गेले तर लगेच सोनोग्राफी, गर्भ नळीतच राहू शकतो.

आर्णीची_सून
नाही सांगितलं. सासरी कोणाला माहीत नाही, सासूबाई प्रत्येक वेळी सोबत बसतात.

वऱ्हाडी_मावशी
आत तपासायला घेतात तेव्हा सांग. जुनी फाईल माहेरी असेल, आईला फोटो पाठवायला लाव. अन् मालकाची तपासणी झाल्याशिवाय पैसे भरू नको.

पांदण
भाव सांगा ना ताई.