टोमॅटो सँडविच: पाव ओला होतो त्यावर

ताई, डब्यातला पाव मधल्या सुट्टीपर्यंत लगदा होतो म्हणालात, त्यात टोमॅटोपेक्षा मिठाचा हात जास्त आहे. मीठ लागलं की चकत्या पाणी सोडतात. म्हणून अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करून आधीच मीठ भुरभुरा, 10 मिनिटं चाळणीत ठेवा आणि कोरड्या फडक्यानं हलकेच टिपून घ्या. निथळलेलं पाणी ताकात घाला, फेकू नका!

दुसरं म्हणजे पावाच्या दोन्ही कापांना कडेपर्यंत लोणी. स्निग्ध थरातून पाणी झिरपत नाही. आमच्या बेळगावात घरचं पांढरं लोणी असतं, त्यावर चिमूटभर शेंगदाण्याची चटणी. मेयोनीज मी वापरत नाही, उन्हाळ्याच्या डब्यात तर नकोच.

आणि टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नका हो. 12 अंशांच्या खाली त्याचा वास मरतो, मग नुसतं लाल पाणी चावल्यासारखं लागतं. शनिवारच्या बाजारातून थोडे कच्चे-पिके आणा, टोपलीत देठाकडची बाजू खाली करून ठेवा, पिकेल तसा एकेक वापरा.

काकडी घालायची का? माझ्या मते नको. ती आणखी पाणी सोडते.