‘देवाला ऐकणे’ की ‘देवाचं ऐकणे’?

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) तरुणांचं शिबिर आहे. कापडी फलकावर विषय रंगवलाय : ‘देवाला ऐकायला शिकूया’. मला खटकतंय. ‘देवाचं’ हवं ना?

– दोन्ही मराठीच, पण अर्थ निराळे. ‘भीमसेनांना सवाईत ऐकलं’ म्हणजे समोर बसलो, दाद दिली, घरी आलो. ‘आईचं ऐकलं’ म्हणजे ती म्हणाली तसं केलं. आई स्वयंपाकघरातून ओरडते, ‘ऐकलंस ना? मग ऊठ की!’ तिच्या लेखी न उठणाऱ्यानं ऐकलेलंच नसतं. तुमचा फलक इंग्रजीवरून उतरवलेला वाटतो.

– हिब्रूतही असंच आहे. ‘शमा’ या क्रियापदात ऐकणं आणि मानणं एकत्रच येतं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं (६:४) ‘हे इस्राएला, ऐक’ तेच. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू, पिढ्यानपिढ्या मराठी बोलत आले. बाकी बरंच विसरले तरी ही शमा प्रार्थना त्यांच्या तोंडी टिकली, अशी त्यांची परंपरा सांगते.

– थांबा ताई. १ शमुवेल ३ काढून बघा. देवाची हाक आली की पोरगा शमुवेल अंथरुणातून उठून एली याजकाकडे पळतो, तेही तीनदा. सांगितलेलं करायची तयारी पुरेपूर होती, हाक कुणाची तेवढंच कळत नव्हतं. ते म्हाताऱ्या एलीनं ओळखलं. मग ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’. आणि ऐकायला काय मिळालं? त्याच एलीच्या घराण्यावरचा न्याय! सकाळपर्यंत पडून राहिला, मंदिराची दारं उघडली, पण सांगायची छाती होईना. शिबिरात हे शिकवणार असतील, तर नुसत्या ‘देवाचं ऐका’नं भागत नाही. योहान १०:२७ मध्ये येशूची मेंढरं त्याची ‘वाणी’ ऐकतात आणि मागे जातात. ‘देवाची वाणी ओळखूया’ म्हणा.

– उलट बाजूही बघा. ताप उतरला की आजी म्हणायची, ‘देवानं माझं ऐकलं’. तिथंही ‘माझं’च, ‘मला’ नाही. बायबलमधल्या इश्माएल या हिब्रू नावाचा अर्थच ‘देव ऐकतो’.

प्रश्नकर्ती : ‘वाणी’ आवडलं, पण फलक रंगवून झालाय. पेंटर म्हणतो, ‘ला’ पुसून ‘चं’ बसवतो, फक्त अनुस्वार दोरीच्या भोकात जाईल.