समुद्राकाठच्या घराला बाहेरून काय लावावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं घर समुद्रापासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे. परवा खिडकीचं लोखंडी ग्रिल पुसायला घेतलं, तर रंगाचा पापुद्रा फडक्याबरोबरच निघून आला आणि आत नुसता गंजाचा भुगा. घरात आई-बाबा दोघंच असतात. दर वर्षी खरवडणं, प्रायमर, रंग हे आता त्यांच्याच्यानं होत नाही, म्हणून एकदाच नीट करून घ्यायचंय.

रेलिंगला 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच घेणार आहे. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम हा धातू असल्यामुळे खाऱ्या हवेत ते नेहमीच्या 304 ग्रेडपेक्षा चांगलं टिकतं. फॅब्रिकेटर "304 पण चालतं" म्हणतोय, पण शेजाऱ्यांच्या 304 च्या रेलिंगवर वेल्डिंगपाशी तांबूस डाग दिसतायत.

खरा घोळ खिडक्यांचा आहे. यूपीव्हीसी (खिडक्यांचं कडक प्लॅस्टिक) गंजत नाही, पण त्याच्या बिजागऱ्या आणि स्क्रू गंजतात त्याचं काय? पावडर कोटिंगचं अॅल्युमिनियम घ्यावं, तर कापलेल्या कडेपासून कोटिंग सुटायची भीती. शिवाय त्यात स्टीलचा स्क्रू बसला की मीठ आणि ओलाव्यामुळे स्क्रूभोवतीचं अॅल्युमिनियमच आधी झिजतं. नायलॉनचे वॉशर घालून कोणी हे टाळलंय का?

भिंतींना फायबर सिमेंट बोर्ड लावावा की प्लॅस्टरवर चांगला अॅक्रिलिक रंग पुरे? लाकूड नकोच.

ज्यांच्या घराला खाऱ्या वाऱ्यात पाच-सहा वर्षं झालीत, त्यांनी काय टिकलं आणि काय वाया गेलं ते कृपया सांगा. फोटो असतील तर फारच उत्तम.